जर्मनीची तीन वर्षं, मुंबईची पंधरा: आघाडी सरकारं 'आपलं कोण' हे कसं ठरवतात?

कन्नमवारनगर_६२

"पक्षांनी मिळून सरकार बनवायचं, याला जर्मनीत काय म्हणतात? पर्याय: एकता, आघाडी, मंत्रालय, संसदीय गट."

हा प्रश्न मला परवा विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मध्ये आला. मी आठवड्यातून तीन दिवस विक्रोळीहून मशीद बंदरला जातो, एका सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्याचे हिशेब बघायला. धीमी लोकल असते, बसायला मिळतं, म्हणून फोनवर जर्मन नागरिकत्वाच्या परीक्षेचा सराव करतो. मी कुठेही जात नाहीये. मुलगी तिकडे आहे, स्टुटगार्टजवळ. तिने पाठवलं, मला नाद लागला. हा प्रश्न बरोबर आला, पण एकूण ३३ पैकी १४. पास व्हायला १७ लागतात. तिला ३१ मिळाले होते. कुठले दोन चुकले ते सांगत नाही.

आता मुद्दा. मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपातला परवाना) गेली. मुंबईत असतानाच बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून झालं होतं. २०२४ च्या जूनमध्ये तिकडच्या तीन पक्षांच्या सरकारचा (समाजवादी, हरित आणि उदारमतवादी) नवा कायदा लागू झाला. नागरिकत्वासाठी आठ वर्षं लागायची ती पाच झाली. आणि ज्याने भाषेत सी-१ ही वरची पातळी गाठली, कामात किंवा समाजकार्यात काही विशेष करून दाखवलं, त्याला तीनच वर्षं. मुलीने ते मनावर घेतलं. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास, शनिवारी निर्वासितांच्या मुलांना गणित शिकवायला जाणं. २०२५ च्या उन्हाळ्यात सी-१ झालं. सप्टेंबरात तीन वर्षं भरली. कागद गोळा करते तोवर ऑक्टोबरात नव्या सरकारने तीन वर्षांची वाट बंदच केली. आता २०२७.

तिला फार वाईट वाटलं असं नाही. "बाबा, पाच तर पाच," म्हणाली. मलाच ते खुपतंय. एक आघाडी देते, दुसरी काढून घेते, आणि दुसऱ्या आघाडीतही तोच समाजवादी पक्ष बसलेला आहे! मग त्यांचं मत नक्की काय होतं? 'परक्या माणसाला आपल्यात कधी घ्यायचं' यावर पटत नसलेले पक्ष एकत्र बसतात तेव्हा आत नेमकं होतं काय? आपल्याकडे हिंदीच्या जीआरचं जे झालं तेही मला याच जातीचं वाटलं, तीन पक्षांचं सरकार आणि अडीच महिन्यांत तीन पवित्रे.

राजकीय भांडण लावायला आलेलो नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

लालबागचा_पक्या

काका, सोपं आहे. ज्याने पाठिंबा काढला की खुर्ची हलते त्याचं ऐकायचं. पुढचा प्रश्न.

टिप्पणी_आणि_नस्ती

पक्या, इतकं सोपं असतं तर माझी छत्तीस वर्षं वाया गेली म्हणायची.

मी मंत्रालयात होते. टंकलेखक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. १९९५ पासून पुढे जवळजवळ सगळी सरकारं आघाडीचीच बघितली, युतीची म्हणा हवं तर. मंत्रिमंडळासमोर जी टिप्पणी जाते ती खालून तयार करणाऱ्यांत आमच्यासारखे असतात. वित्त विभागाचे अभिप्राय, विधी व न्यायचे अभिप्राय, मग 'मान्यतेस्तव सादर'. दोन पक्षांचं सरकार असलं की या साखळीत न लिहिलेला एक टप्पा वाढतो. दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याचा खाजगी सचिव येऊन विचारतो, "यात आमचं काय आहे?"

आता कन्नमवारनगर, तुमचा प्रश्न. माझं निरीक्षण असं की 'कोण आपला' या गोष्टीचे दोन भाग करता येत नाहीत. एक पक्ष म्हणतो इथे जन्मला तो इथला, दुसरा म्हणतो रक्ताने इथला तोच इथला. यात मधलं काय काढणार? पण वर्षांचे भाग करता येतात. म्हणून दोघं मिळून ती मोठी गोष्ट बाजूला ठेवतात आणि वर्षं, तारखा, इयत्ता, गुण यावर घासाघीस करतात. मंडईत करतो तशीच.

जर्मनीचंच घ्या. माझा भाचा तिकडे होता, तेव्हापासून मी वाचते. पूर्वी तिथे नागरिकत्वावर हक्क सांगायला १५ वर्षं राहावं लागे. २००० पासून ती आठ झाली, आता पाच. १९९९ मध्ये समाजवादी आणि हरित पक्षांच्या सरकारला दुहेरी नागरिकत्व सरसकट द्यायचं होतं. हेसे राज्याची निवडणूक आली, ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, निवडणूक जिंकली, आणि सरकारचं वरच्या सभागृहातलं (तिथे राज्य सरकारं मत देतात) बहुमत गेलं. मग तिसऱ्याकडे, उदारमतवाद्यांकडे जावं लागलं. त्यांनी तोड काढली: परदेशी आईबापांचं मूल जर्मनीत जन्मलं, आणि त्यांच्यातला एकजण आठ वर्षं तिथे राहिलेला असला, की मूल जन्मतः जर्मन. पण मोठं झाल्यावर, २३ वर्षांचं होईपर्यंत, एक पासपोर्ट निवडायचा. हो म्हणणाऱ्याला जन्माचा हक्क मिळाला, नाही म्हणणाऱ्याला २३ वा वाढदिवस मिळाला. २०१४ मध्ये दोन मोठ्या पक्षांच्या सरकारने तिथेच वाढलेल्यांना त्यातून सूट दिली. २०२४ मध्ये अटच गेली. पंचवीस वर्षं लागली.

तुमच्या मुलीचं काय झालं ते यात बसतं. २०२५ च्या निवडणुकीत ख्रिस्ती पक्षांना पाच वर्षांची पुन्हा आठ करायची होती, दुहेरी नागरिकत्वही आवळायचं होतं. समाजवाद्यांना यातलं काहीच सोडायचं नव्हतं. सरकार तर दोघांना मिळूनच बनवायचं होतं. मग अशी वस्तू शोधायची की देणाऱ्याच्या खिशाला लागणार नाही आणि घेणाऱ्याला ती मिरवता येईल. तीन वर्षांची वाट वापरणारे मोजकेच होते. ती दिली. तुमची मुलगी त्या मोजक्यांत निघाली, एवढंच. पाच वर्षं टिकली, दुहेरी नागरिकत्व टिकलं. (आपल्या लोकांना त्या दुहेरीचा उपयोग नाही. आपल्या कायद्याने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय संपतं. पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड काढायचं.)

आता मुंबईत या. झोपडपट्टीच्या तारखा. १ जानेवारी १९९५. का? त्या दिवशी आभाळातून काही पडलं नव्हतं. मुंबईत राहायचा हक्क कोणाला यावर सेनेचं म्हणणं काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सत्तेत आल्यावर मोफत घरांची योजना त्याच सरकारने आणली. त्यात मराठी-अमराठी असा रकाना नाही. तारीख आहे. पुढे काँग्रेस आणि राष्ट्रवादीने २००४ च्या निवडणुकीत १ जानेवारी २००० चं आश्वासन दिलं, आणि निवडून आल्यावर त्याच हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या. २००० ला कायद्याचं संरक्षण मिळायला २०१४ उजाडलं. नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. परिशिष्ट-२ ची, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची, यादी ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे: एकाच घरातला बाप पात्र, कारण त्याची झोपडी १९९४ ची, आणि शेजारच्या खोलीतला मुलगा अपात्र, कारण लग्न होऊन वेगळा झाला तो २००१ साली. तो जन्मला त्याच गल्लीत. पण यादीला खोलीची तारीख कळते, माणसाची नाही.

हिंदीचंही तेच. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय: पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, 'अनिवार्य'. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय: 'सर्वसाधारणपणे' हिंदी, आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं हवीत. आम्ही आयुष्यभर मसुद्यांत शब्द बदलले, पण 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' घालायला हिंमत लागते. मग सरकारमधलेच उपमुख्यमंत्री अजित पवार जाहीरपणे म्हणाले की पहिलीपासून नको, पाचवीपासून असू द्या. बघा, पुन्हा आकडा. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द, समिती नेमली. दुसऱ्या दिवशी अधिवेशन होतं. ५ जुलैला मोर्चा निघायचा होता, तो वरळीत विजयी मेळावा झाला.

आकडा, शब्द, समिती. मी याच क्रमाने नस्त्या सरकताना पाहिल्या आहेत. आणि एक चौथी गोष्ट, तिला आम्ही 'ऐनवेळचा विषय' म्हणायचो. कार्यक्रमपत्रिकेवर नसलेला विषय बैठकीत येतो आणि मंजूर होतो. नामांतरासारखे विषय वर्षानुवर्षं आघाडीत लोंबकळतात, कारण एकाला ते हवंच असतं आणि दुसऱ्याला त्यावर मत द्यायचं नसतं. २९ जून २०२२ ला जाणाऱ्या सरकारने शेवटच्या बैठकीत औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली. अडीच वर्षांत जमलं नाही ते एका संध्याकाळी जमलं, कारण आघाडी सांभाळायची गरजच संपली होती. आणि पुढच्या सरकारने जुलैमध्ये तोच निर्णय 'छत्रपती' जोडून पुन्हा घेतला.

लांबलं. चहा गार झाला माझा.

काळी_पिवळी

मॅडमनी लिहिलं ते वाचून मला बोलावंसं वाटलं. माझा बाप जौनपूरचा, मी कुर्ल्यात जन्मलो. मराठी लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या.

२० जानेवारी २०१०. टॅक्सीच्या नव्या परमिटसाठी १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला आणि मराठी लिहिता-वाचता-बोलता आली पाहिजे, असं मंत्रिमंडळाने ठरवल्याची बातमी. सरकार कोणाचं? काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं. आम्ही कुर्ला टर्मिनसबाहेर स्टँडवर होतो. कोणाचा विश्वास बसेना, कारण असलं काही दुसरे पक्ष बोलतात अशी आमची समजूत. दिल्लीपर्यंत बोंब गेली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री म्हणाले, मराठीच असं नाही, हिंदी किंवा गुजराती आली तरी चालेल. आमच्या स्टँडवर एक कच्छी पानवाला होता. तो म्हणाला, "मग मलापण एक परमिट काढून द्या."

एका रात्रीत कायदा बदलला का? नाही. नियम जुनाच, १९८९ चा. नियमांच्या पुस्तकात होता, पडून होता. हे मला नंतर युनियनच्या माणसाने दाखवलं. मॅडम म्हणतात तसं, नवीन काही ठरवायची वेळ आली की पक्षांचं फाटतं, म्हणून जुनं पुस्तक काढायचं. एकाने म्हणायचं बघा आम्ही मराठीसाठी केलं, दुसऱ्याने म्हणायचं आम्ही कुठे काय केलं, ते आधीच होतं.

मग २०१६. भाजप-सेनेचं सरकार, परिवहन खातं सेनेकडे. रिक्षाच्या परमिटची लॉटरी लागली त्यात माझा नंबर होता. मराठीची परीक्षा. माझ्यापुढे चौथीच्या पुस्तकातला एक उतारा ठेवला, वाचा म्हणाले. एका शेतकऱ्याच्या बैलाची गोष्ट होती. मी वाचली. साहेब म्हणाले, बैलाचं नाव काय? मी म्हणालो, सर्जा. झालं. बाहेर एकजण घामाघूम उभा होता, मला विचारतो, आत काय विचारतात? मी म्हटलं बैल विचारतात. पुढे २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं. पण माझी परीक्षा झाली होती, मला त्याचा राग नाही. मराठी आलीच पाहिजे, माझ्या पोरी मराठी शाळेत आहेत.

राग दुसरा आहे. भाषा शिकता येते. १५ वर्षांचा कागद शिकता येत नाही. माझ्याकडे पालिकेच्या शाळेचा दाखला होता म्हणून मी सुटलो. माझा चुलतभाऊ १९९७ ला आला. पहिली सात वर्षं टॅक्सीतच झोपायचा, सार्वजनिक नळावर आंघोळ. भाड्याची खोली मिळाली तर मालक पावती देणार नाही. अठरा-एकोणीस वर्षं मुंबईत राहिला पण कागदावर पाच. मराठी त्याची माझ्यापेक्षा चांगली, कारण तो दादरच्या भाजीवाल्यांच्या पाट्या वाहायचा. तो नापास, मी पास.

जर्मनीत पंधराचे पाच केले म्हणता, पण तिथे माणूस आला त्या दिवसापासून नोंद होते ना? मग पाच म्हणजे पाच.

कन्नमवारनगर_६२

हो. मुलीने घर घेतल्यावर पहिलं काम पालिकेत जाऊन पत्ता नोंदवला. घरमालकाने सही केलेला कागद लागतो, आणि कायद्याने त्याला तो द्यावाच लागतो. हे तुमचं वाचेपर्यंत मला विशेष वाटलं नव्हतं.

कालिना_कट्टा

मॅडम, तुमची मांडणी आवडली, पण ती अर्धीच खरी आहे असं मला म्हणायचंय. आकड्याची घासाघीस तेव्हाच होते जेव्हा दोघांनाही सरकार टिकवायचं असतं. नसेल, तर हाच विषय सरकार पाडायला सर्वांत सोयीचा.

नेदरलँड्स. जुलै २०२३, चार पक्षांचं सरकार. आधीच आलेल्या निर्वासितांच्या बायकामुलांना बोलावून घेण्यावर मर्यादा घालायची, असा पंतप्रधान रुटे यांच्या पक्षाचा आग्रह. म्हणजे आकडाच होता समोर! पण आघाडीत एक छोटा ख्रिस्ती पक्ष होता, त्याचं म्हणणं, मुलं आईबापांजवळ वाढली पाहिजेत, यात किती महिने आणि किती माणसं असा प्रश्नच येत नाही. सरकार पडलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणाऱ्या वाइल्डर्स यांच्या पक्षाला १५० पैकी ३७ जागा, सर्वांत जास्त. जुलै २०२४ मध्ये चार पक्षांचं नवं सरकार बसलं, जून २०२५ मध्ये वाइल्डर्स याच विषयावर बाहेर पडले. अकरा महिने. बेल्जियममध्येही डिसेंबर २०१८ ला फ्लेमिश राष्ट्रवादी पक्ष स्थलांतरावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावरून सरकार सोडून गेला. त्या करारात बंधनकारक काही नव्हतंच. मे २०१९ ला निवडणूक होती, हे मात्र बंधनकारक होतं.

आणि बाहेरून पाठिंबा हा प्रकार तुम्ही सोडलात. २००१ मध्ये डेन्मार्कमध्ये उदारमतवादी आणि परंपरावादी यांचं अल्पमतातलं सरकार आलं, ते स्थलांतरविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीच्या आधारावर. त्या पक्षाचा एकही मंत्री नाही. पण २००२ मध्ये '२४ वर्षांचा नियम' आला: परदेशी जोडीदाराला घेऊन यायचं तर दोघंही २४ पूर्ण हवेत. खातं नाही, जबाबदारी नाही, आणि नियम मात्र हवा तसा. आपल्याकडे बाहेरून पाठिंब्याचे किस्से सगळ्यांना पाठ आहेत, मी सांगत नाही. गंमत म्हणजे २०१९ मध्ये समाजवादी एकट्याने सत्तेवर आले तरी २४ चा नियम राहिला. तेव्हा सगळं आघाडीवर ढकलू नये. आघाडीने आणलेला आकडा पुढे कोणीच काढत नाही, कारण काढणाऱ्याला कारण द्यावं लागतं, ठेवणाऱ्याला द्यावं लागत नाही.

आता माझा सर्वांत आवडता प्रसंग, मी वर्गात हाच सांगते. २२ मार्च २००२, बर्लिन, वरचं सभागृह. स्थलांतराचा मोठा कायदा मताला. तिथे राज्यं मत देतात, आणि प्रत्येक राज्याचं मत एकच असावं लागतं. ब्रांडेनबुर्ग राज्यात समाजवादी आणि ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांची आघाडी. नाव पुकारलं. एक मंत्री म्हणाला, हो. दुसरा म्हणाला, नाही. एकाच सरकारचे दोन मंत्री, एकाच वेळी, सगळ्या देशासमोर! अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना विचारलं, ते म्हणाले हो. अध्यक्षांनी 'हो' धरलं. सभागृहात आरडाओरडा, बाकं वाजवणं. डिसेंबरात घटना न्यायालयाने कायदाच रद्द ठरवला: राज्याने एक मत दिलंच नव्हतं. पुन्हा सगळी बोलणी, पुन्हा तडजोडी, आणि कायदा लागू झाला १ जानेवारी २००५ ला. त्याच कायद्यातून सरकारी अनुदानाचे ६०० तासांचे भाषावर्ग आले. म्हणजे एका आघाडीतल्या 'हो-नाही'ने एका देशाचे भाषावर्ग लांबले. मॅडम, तुमच्या क्रमात हे कुठे बसतं?

टिप्पणी_आणि_नस्ती

बसत नाही, मान्य. आमच्याकडे असा प्रसंग आला असता तर त्यातला एक मंत्री त्या दिवशी 'दौऱ्यावर' असता.

नेदरलँड्सचं तुमचं उदाहरण मला पटलं, आणि त्याने माझं म्हणणं थोडं बदलतं. बायकामुलांचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्यात एकजण उठून म्हणाला की इथे आकडा चालणार नाही. मी वर परिशिष्ट-२ मधल्या बापलेकांचं लिहिलं. तिथे आकडा बिनबोभाट चालला. दोन्ही पक्षांतलं कोणीच 'हे चालणार नाही' म्हणालं नाही, कारण तो मुलगा कोणाच्या जाहीरनाम्यात नव्हता. २०१९ च्या महाविकास आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात स्थानिक तरुणांना खाजगी नोकऱ्यांत ८० टक्के वाटा देण्याच्या कायद्याची गोष्ट होती. त्यात 'स्थानिक' म्हणजे कोण, कुठल्या तारखेपासून, यावर कायदा व्हायच्या आधीच सरकार गेलं. मला ती टिप्पणी वाचायला आवडली असती. निवृत्त झाले होते.

लालबागचा_पक्या

मॅडम, मी माझं पहिलं उत्तर मागे घेतो. म्हणजे सर्वसाधारणपणे.

कन्नमवारनगर_६२

सगळ्यांचे आभार. मॅडमचं उत्तर मी मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मला कोणी काढलं नाही, मी सुट्ट्या पैशांत गेले." मग म्हणाली की तिच्या वर्गात एक सीरियन मुलगा आहे, तो २०१५ ला आला, दहा वर्षांत त्याला नागरिकत्व मिळालं, आणि त्याला आठ-पाच-तीन यातलं काहीच माहीत नाही. त्याला कागद देणाऱ्या कार्यालयातल्या बाईचं नाव माहीत आहे फक्त. शनिवारचा गणिताचा वर्ग ती सोडणार नाहीये. मी विचारलं, आता त्याचे गुण मिळणार नाहीत ना? त्यावर गप्प राहिली, मग विषय बदलला, आईला दे म्हणाली. आईशी अर्धा तास मोदकाच्या उकडीवर.

माझे आज १९ आले. पास.

काळी_पिवळीभाऊ, एक विचारायचं राहिलं. तुमच्या चुलतभावाला परमिट मिळालं का शेवटी? न्यायालयाचा निकाल आला त्यानंतर?

काळी_पिवळी

नाही काका. निकाल भाषेचा होता, कागदाचा नाही. तो २०१८ ला सुरतला गेला. टेम्पो चालवतो. दिवाळीत आला होता, माझ्या पोरींशी मराठीतच बोलत होता, दादरच्या मंडईतली मराठी. धाकटी हसत होती. तिकडे बोलायला कोणी नाही म्हणाला.